ज्ञात बिंदूची गोष्ट

जळकोटहून समुद्र सुमारे साडेचारशे किलोमीटर लांब. आमच्याकडे बोट दिसते ती तळ्यात. तरीही जहाजाला अचूक वाट दाखवणाऱ्या विद्येचा माग काढताना मी येऊन पोहोचलो तो शेजारच्या बिदर परिसरात.

१८१५ साली विल्यम लॅम्बटनने तिथे दामरगिद्द्याला पोलादी साखळीने आधाररेषा मोजली. तो १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला आणि काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. साखळी उन्हात लांबते, झिजते; एव्हरेस्टचा तिच्यावर भरवसा नव्हता. म्हणून १८४१ मध्ये अँड्र्यू वॉने बिदरची आधाररेषा पुन्हा मोजली, ती कोल्बीच्या पट्ट्यांनी. या पट्टीत पितळ आणि लोखंड शेजारी जोडलेले असतात. दोन्ही धातू कमीजास्त वाढतात. त्या फरकाचाच उपयोग करून खुणांमधले अंतर कायम राखले जाते. चूक टाळता येत नसेल तर तिचेच माप घ्यावे, हा त्यातला धडा.

डिफरन्शियल जीपीएसचे तत्त्व याच जातीचे आहे. अमेरिका नागरी वापराच्या उपग्रह-संकेतांत मुद्दाम गोंधळ मिसळत असे. त्यामुळे स्थानात सुमारे १०० मीटरपर्यंत चूक येई. खुल्या समुद्रात ती चालेल, पण बंदराच्या अरुंद वाटेत १०० मीटर म्हणजे खोल पाणी की खडक, हा प्रश्न. उपाय साधा निघाला. किनाऱ्यावर ज्याचे स्थान आधीच नेमके ठाऊक आहे अशा जागी एक ग्राहकयंत्र ठेवायचे. उपग्रह सांगतो ते आणि खरे आहे ते, यांतला फरक काढायचा आणि तो रेडिओवरून बोटीला कळवायचा. जवळच्या बोटीची चूकही जवळपास तीच असते, म्हणून ती वजा होते. अचूकता काही मीटरांवर येते. आपल्या दीपगृह खात्यानेही किनाऱ्यावर अशी केंद्रे उभारली. मे २००० मध्ये अमेरिकेने तो गोंधळ बंद केला. वातावरणातून येणारी चूक मात्र राहिलीच.

आणखी एक गाठ आहे. एव्हरेस्टच्या मापांवर बेतलेला जुना नकाशा आणि उपग्रहाचा जागतिक आधार जुळत नाहीत. उपग्रहाने दिलेले स्थान तसेच जुन्या नकाशावर मांडले तर शेकडो फुटांचा फरक पडू शकतो. यंत्र बरोबर, नकाशा बरोबर, आणि बोट तरी खडकावर!

आता हीच पद्धत आमच्या बांधावर आली आहे. मोजणीला आलेल्या यंत्राकडे पाहून गावकरी म्हणतात, ‘‘आता वाद मिटला.’’ माझे म्हणणे एवढेच, की यंत्राला आधी विचारा: तू कोणत्या ज्ञात बिंदूवरून बोलतोस? कारण ज्या शिवारात मोजणीचे जुने दगड नांगराने उपटून पायऱ्यांना लावले गेले, तिथे जुना बांध नेमका कुठे होता हे सांगणारा साक्षीदारच उरत नाही. उरलेले दगड तरी जागेवर राहू द्या.