द्राक्षाला पायघड्या, मोहाला गुन्हा

मला वायनऱ्या बघत फिरायची हौस आहे. पेणहून नाशिक गाठायचं, गंगापूर धरणाजवळ 'सुला'मध्ये टेस्टिंगला उभं राहायचं. ग्लास फिरवा, वास घ्या, घोट जिभेवर घोळवा. मजा येते, खोटं कशाला बोलू! राजीव सामंतांची ही वाइन २००० साली बाजारात आली आणि २००१ला राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून वाइनला अबकारी करात सवलत दिली. शेतकऱ्याचं भलं, असं तेव्हा सांगितलं गेलं.

आता आपल्या जिल्ह्याचं ऐका. १८७८च्या अबकारी कायद्यानंतर दारू गाळायची ती सरकारी परवान्यानेच. उरणला मोठ्या भट्ट्या होत्या. तिथे दारू मोहाचीच, पण फुलं यायची पार गुजरातेतल्या पंचमहालातून. मग पेण-रोह्याच्या डोंगरात झाडाखाली पडणाऱ्या फुलांचं काय? १८९२ला इंग्रजांनी खास ठाणे आणि कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) या जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा केला. घरात फुलं साठवली तरी गुन्हा! कारण उघड आहे, कातकऱ्याने घरी गाळली की सरकारचा महसूल बुडतो. ते फूल लोक खातातही, याची पर्वा कोणाला?

इंग्रज गेले, तरी मोहफुलांवरची बंधनं राज्याने उठवली थेट २०२१ला. गोव्याने फेणीला २०१६मध्येच वारशाचा दर्जा दिला होता. उद्या आपल्याकडच्या एखाद्या आदिवासी वाडीने रीतसर परवाना काढून मोहाची चव घ्यायला बोलावलं, तर मी नाशिकची फेरी रद्द करून तिकडे जाईन. पण तो परवाना वाडीला मिळणार, की पुन्हा मोठ्या भट्टीवाल्याला?