अळी मोजता, मग नळाचे तास कोण मोजणार?



पावसाळा आला की भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांत पाण्याची पिंपं उघडून बॅटरीच्या उजेडात अळी शोधली जाते. शंभर घरांमागे किती भांड्यांत अळी सापडली, यावरून डेंग्यूच्या धोक्याचा आकडा काढतात. त्याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. पद्धत शास्त्रीय आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते "हे लोक पाणी साठवतात म्हणून आजारी पडतात" या निष्कर्षाशी. पाणी साठवायची हौस असते का कुणाला?

जरा मागे जाऊ. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईच्या मलेरियावरचा अहवाल आला. हा डास शहरातल्या विहिरींत वाढतो, विहिरी बंद करा, असं त्यांनी सांगितलं. विरोध झाला, तोही धर्माच्या नावाने. विधींना विहिरीचंच पाणी लागतं म्हणे! मग झाकणं, जाळ्या अशा तडजोडी निघाल्या. १९२८ मध्ये गॉर्डन कोव्हेल यांना शहरातल्या मलेरियावर पुन्हा अहवाल द्यावा लागला.

म्हणजे ज्यांची विहीर, त्यांच्या भावनेला मान. आणि त्याच मुंबई इलाख्यात अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर जाता यावं म्हणून १९२३ चा बोले ठराव करावा लागला. तो कागदावरच राहिला, म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. पुढे सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं, ते शेण आणि गोमूत्र घालून. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात हा प्रसंग का शिकवत नाहीत? माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटतं आणि शेणाने शुद्ध होतं, असं मानणारा समाज रोगाचं कारण कुठे शोधणार!

१९७३ ला बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली. मग तीसेक वर्षं तो आजार जवळपास विस्मरणात गेला. २००५ च्या अखेरीस परतला आणि २००६ मध्ये देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले.

चिकुनगुनिया आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या साठवणीच्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासावी लागते. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. नळाचा भरवसा नसलेल्या बाईने भरलेलं पिंप कशाच्या जोरावर ओतायचं?

आणखी एक गोष्ट. एडिस दिवसा चावतो. रात्रपाळी करून आलेला माग-कामगार झोपतो तोही दिवसाच. मच्छरदाणीची जाहिरात मात्र नेहमी रात्रीची असते.

आमच्या गटाने यंदा वस्तीच्या पाहणीत दोन रकाने वाढवले आहेत: मागच्या आठवड्यात नळ एकूण किती तास आला, आणि घरातलं कोण दिवसा झोपतं. आपापल्या वस्तीत हे विचारून पाहा आणि वही जपून ठेवा. पुढच्या वेळी अळी मोजायला कुणी आलं की ती त्यांच्यासमोर उघडायची आहे.