डेरा किती जड असावा?

आमचे विज्ञानाचे सर डोंबिवलीला राहतात. मागच्या डिसेंबरात मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्यासमोर मोबाइल धरला. नाताळच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन मुरबाडच्या पुढे, नाणेघाटाच्या बाजूला तीन दिवस राहायचे असा त्यांचा बेत होता. हॉटेल नको, वीज नको, नेटवर्क नसले तरी चालेल. त्यासाठी गाडीच्या मागे जोडून ओढायची कारवान भाड्याने घ्यायची होती आणि दोन कारवान त्यांच्या नजरेत होत्या. एकीत सहा जणांच्या गाद्या, एसी, ओटा, न्हाणीघर आणि वर जनरेटर. दुसरीत दोन बाक, एक शेगडी आणि पाण्याची लहान टाकी.

"सर, कारवान हा तुमचाच शब्द ना? मग तुम्हीच सांगा, कोणती घेऊ?" ते हसत म्हणाले.

त्यांच्या मनात काही वाकडे नव्हते. आम्ही गेली कित्येक वर्षे एकाच टेबलावर डबा खातो. तरी तो ‘तुमचा’ माझ्या कानात राहिला. मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही, त्यामुळे तुमचे काय आणि आमचे काय याचा हिशोब मला रोजच करावा लागतो. सरांना उत्तर द्यायचे म्हणून जुन्या छावण्यांविषयी वाचायला बसलो. त्यातून जे हाती आले ते इथे लिहितो.

आधी शब्द पाहू. फारसीत ‘कारवाँ’ म्हणजे गाडी नव्हे, एकत्र प्रवास करणाऱ्या माणसांचा आणि जनावरांचा तांडा. युरोपात जाऊन त्याचा अर्थ बदलला आणि इंग्रजांनी तो छपराच्या गाडीला लावला. पुढे त्याचे शेपूट तेवढे उरले, ते म्हणजे ‘व्हॅन’. आमच्या शाळेच्या फाटकाशी रोज सकाळी उभी राहते ती स्कूल व्हॅन याच शब्दाचा तुकडा आहे.

सर ज्या बाजूला निघाले होते तिथे तर दोन हजार वर्षांपूर्वीपासून तांडे जात. सातवाहनांच्या काळात कल्याण हे मोठे बंदर होते आणि तिथला माल नाणेघाट चढून जुन्नरकडे जाई. घाटमाथ्यावर कोरीव लेणे आहे, पाण्याची टाकी आहेत आणि एक दगडी रांजण आहे, तो जकातीचा असे मानतात. म्हणजे त्या वाटसरूंना निवारा आणि पाणी पाठीवर वाहून न्यावे लागत नव्हते, दोन्ही डोंगरातच कोरून ठेवले होते. प्रवासात घराची सोय करण्याचा हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे घरच बरोबर घेऊन निघणे. मोगल बादशहांनी तो पत्करला.

अकबराच्या छावणीचे वर्णन अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त आकड्यांसह दिले आहे. एका मुक्कामाचे सामान हलवायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. डेरे उभारायला १००० फरास, जमीन सपाट करायला ५०० बेलदार, पाण्यासाठी १०० पाणके आणि झाडलोटीला १५० माणसे. मध्यभागी ४० गज उंच खांबावर दिवा टांगत, म्हणजे अंधारात भटकलेल्याला आपला तंबू सापडावा. या दिव्याला अबुल फजल ‘आकासदिया’ म्हणतो. फारसी ग्रंथात आपल्या मातीतला शब्द. आणि आज कल्याणच्या गल्लीत दिवाळीला जो टांगतात त्या ‘आकाशकंदिला’तला कंदील अरबी आहे. आकाश इकडून तिकडे गेले, कंदील तिकडून इकडे आला.

थंडीतल्या मुक्कामाची सर्वांत जिवंत हकीकत मात्र फ्रेंच वैद्य बर्निए याने लिहून ठेवली आहे. डिसेंबर १६६४ मध्ये औरंगजेब दिल्लीहून लाहोरमार्गे काश्मीरला निघाला, तेव्हा दानिशमंद खानाच्या पदरी असलेला बर्निएही बरोबर होता. बादशहाकडे तंबूंचे दोन संच असत. एकात तो मुक्कामाला असताना दुसरा एक दिवस पुढे जाऊन उभा राहायचा. त्याला पेशखाना म्हणत. प्रत्येक संचाला साठाहून अधिक हत्ती आणि २०० उंट लागत. बर्निएचे स्वतःचे सामान मात्र बेताचे होते. मध्यम आकाराचा तंबू, एक सतरंजी, चार बारीक वेतांची घडीची खाट, उशी, पांघरुणे, जेवायला चामड्याचे गोल दस्तरखान, भांड्यांच्या पिशव्या, पाच-सहा दिवसांचा चांगला तांदूळ, बडीशेप घातलेली गोड बिस्किटे, लिंबे, साखर आणि दही टांगून पाणी काढायला लोखंडी आकडा लावलेली कापडी पिशवी. ही यादी मी सरांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "हा माणूस आपल्यापेक्षा शहाणा दिसतोय."

बर्निएने त्रासही लिहिला आहे. संध्याकाळी हजारो चुली पेटल्या की गोवऱ्यांचा आणि ओल्या लाकडांचा धूर छावणीवर बसायचा, वारा नसेल तर डोळ्यांपुढचे दिसेनासे व्हायचे. मग तो उंच खांबावरचा दिवा शोधत जायचे. रात्री पहारेकरी ओरडत फिरायचे, ‘खबरदार!’ तो शब्द मी रोज आठवीच्या वर्गात वापरतो.

हाच औरंगजेब १६८१ मध्ये दख्खनेत उतरला आणि पुन्हा उत्तरेत परतला नाही. उत्तरेच्या सपाट रस्त्यावर चालणारी ती अवाढव्य छावणी सह्याद्रीत अडकली. १७०० मध्ये माण नदीकाठी खवासपूरला छावणी पडली असताना रात्री अचानक पूर आला. त्या गोंधळात बादशहाचा गुडघा दुखावला आणि पुढे तो कायमचा थोडा लंगडा झाला. १७०२ च्या पावसाळ्यात विशाळगडाहून पन्हाळ्याकडे परतताना सुमारे ५० किलोमीटर वाट कापायला ३८ दिवस लागले. समोरचे मराठे स्वार हलके होते. घोडा, घोंगडी आणि जवळ असेल तेवढी शिदोरी, की निघाले.

इथे थांबलो असतो तर गोष्ट सोपी झाली असती. जड ते मोगल, हलके ते मराठे आणि मग ओघाने ‘तुमचे’ आणि ‘आमचे’. पण इतिहास साठ वर्षे पुढे गेला की ही वाटणी टिकत नाही.

१७६० च्या नोव्हेंबरात सदाशिवरावभाऊंची छावणी पानिपतला खंदक खणून बसली. मराठी माणसांचा आजवरचा सर्वांत कठीण हिवाळी मुक्काम तोच. आता मराठ्यांकडेच मोठमोठे डेरे होते, जड तोफा होत्या, कुटुंबे होती आणि सैन्याच्या आसऱ्याने तीर्थयात्रेला निघालेली माणसे होती. बायकामुले आणि जड सामान मागे सुरक्षित ठेवावे, असा सल्ला सूरजमल जाटाने दिला होता असे सांगतात. तो मानला गेला नाही. डिसेंबरात रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. अब्दालीने दक्षिणेची वाट बंद केली. धान्य संपले, जनावरांना चारा नाही, शेकोटीला लाकूड नाही आणि अंगावर दक्षिणेतले कपडे. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणत १४ जानेवारी १७६१ ला सैन्य बाहेर पडले.

त्या छावणीत तोफखाना आणि गारदी पलटणी सांभाळत होता इब्राहिमखान गारदी. समोरच्या अब्दालीने ही लढाई धर्माच्या नावावर मांडली असतानाही तो भाऊंची बाजू सोडून गेला नाही. लढाईत जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. त्या थंडीत त्यानेही त्याच चुलीचा धूर सोसला, तोच उपवास केला. डेऱ्याचे वजन माणसाचा धर्म विचारत नाही. ज्याचे वैभव वाढते त्याचे ओझे वाढते आणि पुढे तेच त्याला बसवून ठेवते.

अशा छावण्यांतून मराठी भाषेने काय काय उचलले ते पाहा. मुक्काम, मजल दरमजल, कूच, डेरेदाखल, कनात, शामियाना, मशाल. पुण्यातला फरासखाना हे तर फरासांच्या, म्हणजे तंबू-जाजमे सांभाळणाऱ्यांच्या खात्याचेच नाव. उलट, आईनमधली ‘रावटी’ म्हणजे आपली राहुटी, ती इकडून फारसीत गेली. आणि ‘उर्दू’ या तुर्की शब्दाचा मूळ अर्थच छावणी. उर्दू भाषा केवळ सैन्यात जन्मली ही जुनी कथा भाषातज्ज्ञ आता मानत नाहीत, पण तिचे नाव छावणीचे आहे हे खरे. एका शेकोटीभोवती बसलेल्यांनी शब्दांची वाटणी केली नव्हती, म्हणून आज आपल्यालाही ती करता येत नाही.

राहिला सरांचा प्रश्न. आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. चार माणसे, माणशी रोज २० लिटर पाणी, तीन दिवस. झाले २४० लिटर, म्हणजे तेवढेच किलो, आणि तेही घाटाच्या रस्त्यावर साध्या गाडीने ओढायचे. मोठ्या कारवानमध्ये न्हाणीघर आहे, म्हणजे पाणी याहून जास्त लागणार. एसी डिसेंबरात कशाला? जनरेटर लावला तर शांततेसाठी तिथे जाण्यात अर्थ काय? मी तीनच गोष्टी सांगितल्या. हलकी घ्या, उजेड असताना पोहोचा आणि कितीही सुंदर दिसले तरी कोरड्या ओढ्याच्या पात्रात उभी करू नका.

सरांनी लहान कारवान घेतली. निघण्याच्या आदल्या दिवशी बर्निएच्या यादीचा कागद मागून घेतला. परत आल्यावर म्हणाले, पांघरुणे कमी पडली, पण टांगलेले दही मस्त झाले. आणि मग, "सर, आपल्या त्या छावणीच्या शब्दांची यादी द्या ना, नववीच्या मुलांना भिंतीवर लावायला होईल."

यादी दिली आहे. त्यात सध्या एकेचाळीस शब्द आहेत आणि खाली बरीच जागा मोकळी ठेवली आहे.