स्थूलतानिवारक शस्त्रक्रिया व तदुत्तर आहार

स्थूलतानिवारक शस्त्रक्रिया व तदुत्तर आहार : अतिस्थूल व्यक्तीचे वजन कमी करण्यासाठी जठराचा आकार लहान करणे, लघ्वांत्राचा (लहान आतड्याचा) काही भाग अन्नमार्गातून वगळणे किंवा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करणे, या प्रकारच्या शस्त्रक्रियांना स्थूलतानिवारक शस्त्रक्रिया म्हणतात. शल्यतंत्राच्या इतर बहुतेक शाखांत रोगट भाग काढून टाकणे किंवा दुरुस्त करणे हा हेतू असतो. येथे मात्र बहुधा निरोगी असलेल्या जठरावर व आतड्यावर शस्त्र चालवून रुग्णाचे खाणे व पचन बदलले जाते. त्यामुळे या शाखेच्या यशापयशाचा हिशेब शस्त्रक्रियागृहापेक्षा रुग्णाच्या ताटातच अधिक मांडला गेला आहे. अशा रुग्णास आज जे आहारनियम सांगितले जातात, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक नियम पूर्वीच्या एखाद्या शस्त्रक्रियेच्या उपद्रवातून शिकलेला आहे.

स्थूलतेची चिकित्सा आहारातून करण्याची कल्पना प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिंदितीय’ अध्यायात अतिस्थूल व अतिकृश यांचा एकत्र विचार केला असून स्थूलास पचावयास जड परंतु पोषण न करणारे अन्न द्यावे, असे सांगितले आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराचे तत्त्व नेमके याच्या उलट आहे : अन्न आकारमानाने अत्यल्प, पण पोषणाने भरपूर हवे.

पूर्वपीठिका : जठर लहान झालेल्या माणसाने कसे जेवावे, हा प्रश्न स्थूलतेच्या शस्त्रक्रियेच्या बराच आधी उपस्थित झाला. व्हिएन्ना येथे टेओडोर बिलरोट यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी कर्करोगग्रस्त जठराचा खालचा भाग यशस्वीपणे काढला. झुरिक येथे कार्ल श्लाटर यांनी १८९७ मध्ये संपूर्ण जठर काढले व जठरावाचूनही मनुष्य काही काळ जगू शकतो, हे दिसून आले. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जठर व ग्रहणी (लघ्वांत्राचा सुरुवातीचा भाग) यांच्या व्रणांसाठी अशा शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्या. त्या रुग्णांपैकी काहींना जेवण होताच घाम, धडधड, घेरी व पोटात कळा येत. आर्थर हर्ट्झ यांनी १९१३ मध्ये या लक्षणांचा संबंध जठर फार वेगाने रिकामे होण्याशी जोडला आणि १९२२ मध्ये चार्ल्स मिक्स यांनी त्यासाठी ‘डंपिंग’ (एकदम ओतणे) हा शब्द वापरला. जठराच्या निर्गमद्वाराचा पहारा नाहीसा झाला की, साखरयुक्त अन्न आतड्यात एकदम उतरते. ते रक्तातील पाणी आतड्यात ओढून घेते व त्यामुळे वरील लक्षणे उद्भवतात. एक ते तीन तासांनंतर इन्शुलिनाच्या अतिस्रावामुळे रक्तातील ग्लुकोज उतरून पुन्हा ग्लानी येऊ शकते. थोडे थोडे अनेकदा खावे, गोड टाळावे आणि जेवताना पाणी पिऊ नये, हे नियम या व्रणरोग्यांच्या अनुभवातून आले.

दुसरा धडा उशिरा मिळाला. जठर काढलेल्यांना काही वर्षांनंतर गंभीर पांडुरोग होई. विल्यम कॅसल यांनी १९२९ च्या सुमारास दाखवून दिले की, जठररसातील एका घटकावाचून अन्नातील रक्तवर्धक द्रव्य शरीरात घेतले जात नाही. ते द्रव्य म्हणजे ब१२ जीवनसत्त्व होय. ते १९४८ मध्ये शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले. यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे रुग्णास आपण बरे आहोत असे वाटत असतानाच न्यूनता वाढत जाते व क्वचित तंत्रिका तंत्रास (मज्जासंस्थेस) कायमची इजा झाल्यावरच ती उघडकीस येते.

पहिले प्रयोग : केवळ वजन घटविण्यासाठी आतड्याचा मार्ग तोडण्याची कल्पना १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील आर्नल्ड क्रेमेन, जॉन लिनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. लॉस अँजेल्स येथे हॉवर्ड पेन व लॉरेन डी विंड यांनी तिला जे रूप दिले (१९६९), ते बरेच रूढ झाले. त्यात रिक्तांत्राचे (लघ्वांत्राच्या मधल्या भागाचे) पहिले सु. ३६ सेंमी. व शेषांत्राचे (शेवटच्या भागाचे) सु. १० सेंमी. एवढाच भाग अन्नमार्गात राही. उरलेले काही मीटर आतडे बाजूला पडून राही. जठर शाबूत असल्याने रुग्णाने मनसोक्त खावे आणि तरीही वजन उतरावे, हे या शस्त्रक्रियेचे मोठे आकर्षण होते.

त्याची किंमत जबर निघाली. दिवसातून अनेकदा पातळ शौचास होणे हा सर्वांत सौम्य उपद्रव होता. मूत्रपिंडात वारंवार खडे होऊ लागले. त्याचे कारण उलगडण्यास काही वर्षे लागली. एरवी अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटाला बांधून ठेवते व ते शौचावाटे जाते. येथे न पचलेली वसा कॅल्शियमाला पकडून बसे आणि मोकळे राहिलेले ऑक्झॅलेट बृहदांत्रातून (मोठ्या आतड्यातून) रक्तात व तेथून मूत्रात जाई. म्हणजे खडा कॅल्शियमाचा असला, तरी उपाय कॅल्शियम तोडण्याचा नसून ते जेवणाबरोबर वाढविण्याचा, वसा कमी करण्याचा आणि पालक, चुका, तीळ यांसारखे ऑक्झॅलेटयुक्त पदार्थ मर्यादित ठेवण्याचा होता. याहून भयंकर म्हणजे काही रुग्णांचे यकृत निकामी होऊन ते दगावले. अनेकांचा आतड्याचा मार्ग दुसऱ्या शस्त्रक्रियेने पूर्ववत करावा लागला व त्यांचे वजनही पूर्ववत झाले. १९८० नंतर ही पद्धती सोडून देण्यात आली. खाण्याला हात न लावता खाण्याचे परिणाम टाळण्याचा हा प्रयत्न होता आणि तो फसला, असेच म्हणावे लागते.

जठराकडे वळण : आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन पुन्हा वाढत नाही, हे हेरले व चिकाशी इटो यांच्यासमवेत १९६६ मध्ये जठर-बायपास शस्त्रक्रिया सुरू केली. तीत जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी (आजच्या पद्धतीत सु. १५ ते ३० मिलि.) करून ती थेट लघ्वांत्रास जोडतात. आतड्याची जोडणी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी करण्याचा प्रघात १९७७ पासून पडला. या शस्त्रक्रियेत अन्न ग्रहणीला वगळून जाते आणि लोह प्रामुख्याने ग्रहणीतच शोषले जाते. त्यासाठी लागणारे अम्लही लहान पिशवीत फार थोडे असते. त्यामुळे मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांत रक्तक्षय नेहमीचा झाला. अम्लाची फारशी गरज न लागणारे कॅल्शियम सायट्रेट द्यावे, लोह व कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नये, हे नियम यातूनच आले.

आतड्याला धक्का न लावता केवळ जठर आवळण्याची पद्धतीही मेसन यांनीच १९८० मध्ये काढली. न्यूनतेचे विकार त्यामुळे घटले, पण एक अनपेक्षित गोष्ट दिसली. घट्ट अन्न अडकते व ओकारी होते, म्हणून काही रुग्ण आइसक्रीम, घट्ट गोड दूध अशा विनासायास उतरणाऱ्या पदार्थांकडे वळले व त्यांचे वजन हटेना. व्हर्जिनियातील हार्वी शुगरमन यांनी १९८७ मध्ये या दोन शस्त्रक्रियांची तुलना करून गोडखाऊ रुग्णांत जठर-बायपास अधिक गुणकारी ठरते, असे दाखविले. गोड खाताच होणारा डंपिंगचा त्रास त्यांना आवरतो, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. व्रणरोग्यांतील एक दोष अशा रीतीने स्थूलांच्या बाबतीत गुण मानला गेला. हे स्पष्टीकरण सर्वांना मान्य नाही, कारण अनेक बायपास-रुग्णांना असा त्रास होतच नाही.

जेनोआ येथील निकोला स्कोपिनारो यांनी १९७९ मध्ये पित्त व अग्निपिंडरस अन्नास फार उशिरा मिळतील अशी रचना मांडली. तिने वजन पुष्कळ उतरते, परंतु प्रथिनांच्या अभावी अंगावर सूज येणे व अ जीवनसत्त्वाअभावी रातांधळेपणा, असे एरवी दुष्काळात दिसणारे विकार तिच्या काही रुग्णांत आढळले. लुब्योमीर कुझमाक यांची सैल-घट्ट करता येणारी पट्टी (१९८६) काही काळ लोकप्रिय होऊन मागे पडली. १९९३-९४ पासून या शस्त्रक्रिया दुर्बिणीच्या साह्याने होऊ लागल्या व त्यांची संख्या झपाट्याने वाढली. जठराचा सु. तीन-चतुर्थांश भाग उभा कापून नळी उरविण्याची पद्धती प्रथम एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून योजली गेली होती. आज ती जगात सर्वाधिक केली जाते.

उलटी व बेरीबेरी : सर्वच प्रकारांत समान असलेला एक धोका येथे स्वतंत्रपणे नोंदविला पाहिजे. ब१ जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सतत उलट्या होणाऱ्या रुग्णास त्यामुळे बेरीबेरी होऊ शकते. सडलेल्या तांदळावर जगणाऱ्यांचा म्हणून वैद्यकाला परिचित असलेला हा रोग येथे वेगळ्याच मार्गाने परत आला आहे. डोळ्यांची हालचाल बिघडणे, तोल जाणे व गोंधळलेपणा ही त्याची मेंदूतील लक्षणे होत. अशा रुग्णास ब१ न देता नुसते ग्लुकोज शिरेवाटे दिल्यास उरलेले जीवनसत्त्वही खर्ची पडून मेंदूची हानी वाढते. म्हणून ब१ आधी किंवा निदान बरोबर द्यावयाचे असते. ‘शस्त्रक्रिया झाली आहे, उलट्या व्हायच्याच’ असे समजून घरी थांबणे जिवावर बेतू शकते.

भूक व हॉर्मोने : जठर लहान झाल्याने माणूस कमी खातो, हे प्रारंभीचे सरळ उत्तर अपुरे ठरले. वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६०८ रुग्णांच्या वृत्तांतात १४६ मधुमेह्यांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा प्राकृत झाली होती व तीही पुष्कळदा वजन फारसे उतरण्यापूर्वीच. जपानमधील कोजिमा व कांगावा यांनी १९९९ मध्ये जठरातून स्रवणारे घ्रेलीन हे भूक वाढविणारे हॉर्मोन शोधले. बायपासनंतर त्याचे प्रमाण फार कमी असते, असे डेव्हिड कमिंग्ज यांनी २००२ मध्ये दाखविले. आतड्यातील तृप्तिकारक हॉर्मोने उलट वाढतात. स्थूलता म्हणजे केवळ मनोनिग्रहाचा अभाव, या समजुतीस या संशोधनाने धक्का दिला [⟶ मधुमेह].

दीर्घकालीन अनुभव : स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या पाहणीत (२,०१० शस्त्रक्रिया झालेले व २,०३७ न झालेले रुग्ण) बायपास झालेल्यांचे वजन एक-दोन वर्षांत मूळच्या ३२ टक्क्यांनी उतरले, परंतु दहा वर्षांअखेर ही घट २५ टक्क्यांवर आली. काही वजन परत येते, ही गोष्ट अपवाद नसून सर्वसाधारण आहे. याच पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूही कमी आढळले (२००७). त्याच वर्षी अमेरिकेतील यूटा येथील अभ्यासात एकूण मृत्युमान ४० टक्क्यांनी कमी, पण अपघात, आत्महत्या इ. रोगेतर कारणांनी झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ५८ टक्क्यांनी अधिक दिसून आले. बायपासनंतर मद्य फार त्वरेने रक्तात चढते व दुसऱ्या वर्षापासून मद्याधीनता वाढते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत आढळले. ज्याचा खाण्याचा विरंगुळा काढून घेतला, त्याला दुसरे काय दिले, हा प्रश्न शल्यचिकित्सेने उशिरा विचारला. आता मानसिक तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी केली जाते. नंतरच्या वर्षांत ती तितक्या नेटाने होत नाही.

भारतातील विचार : पुणे येथील चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा देहभारांक (किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २२·३ च होता, पण वसेचे प्रमाण युडकिन यांच्या शरीरात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१·२ टक्के निघाले. भारतीयांना कमी वजनातही मधुमेह का जडतो, याचे हे बोलके उदाहरण होय. शस्त्रक्रियेसाठी १९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेली मर्यादा देहभारांक ४० (किंवा आनुषंगिक रोग असल्यास ३५) अशी होती. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत ती ३५ वर आणली असून आशियाई लोकांसाठी २७·५ पासून विचार करावा, असे सुचविले आहे.

आहाराचा क्रम सर्वत्र सारखाच आहे : प्रथम निवळ पेये, मग दूध-ताकासारखे पातळ पदार्थ, नंतर घोटलेले व मऊ अन्न आणि सु. दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण. घास लहान, चावणे भरपूर आणि पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. रोज ६० ते ८० ग्रॅ. प्रथिने हवीत आणि शाकाहारी मराठी घरात अडचण येते ती येथेच. वाटीभर पातळ वरणातून जेमतेम पाच-सहा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि भात-पोळीने पिशवी आधीच भरते. म्हणून ताटाचा क्रम उलटवून पनीर, घट्ट दही, उसळ, अंडे वा मासे आधी व भात-पोळी शेवटी घ्यावी लागते. आतड्याचा लांब भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रियेत शाकाहारी रुग्णासाठी हा भाग आखूड ठेवावा, असे मत काही भारतीय शल्यचिकित्सकांनी मांडले आहे. उपवासाची साबुदाण्याची खिचडी जवळजवळ केवळ पिष्टमय असते. पुरणपोळी, श्रीखंड वा उसाचा रस यांनी डंपिंग होऊ शकते. पंगतीतील आग्रह मोडणे हे यजमानास अपमानास्पद वाटते व पुष्कळ रुग्ण आपली शस्त्रक्रिया नातलगांपासून लपवीत असल्याने कारणही सांगता येत नाही.

ब१२, ड जीवनसत्त्व, लोह व कॅल्शियम यांची पुरवणी जन्मभर घ्यावी लागते व रक्ततपासणी दरवर्षी करावी लागते. गर्भधारणा १२ ते १८ महिने लांबवावी, असा सल्ला देतात. २०२१ पासून आतड्यातील तृप्तिकारक हॉर्मोनासारखे कार्य करणारी सेमाग्लुटाइड हे औषध अमेरिकेत स्थूलतेसाठी मान्य झाल्याने काही रुग्ण शस्त्रक्रियेऐवजी तिकडे वळत आहेत. त्यांनाही भूक मंदावलेली असताना प्रथिने कशी पुरवावीत, हाच प्रश्न सोडवावा लागतो [⟶ आहार व आहारशास्त्र].