दार, लाकडी (घराचे)

घराच्या बाहेरील किंवा आतील वाटेवर बसवलेली, चौकट आणि उघडझाप करणारी फळी (एकपाखी वा दुपाखी) अशा दोन भागांची लाकडी रचना. बाहेरच्या दाराला पाऊस, ऊन, वाळवी आणि चोर यांच्याशी सामना करायचा असतो, तर आतल्या दाराला हवेतील दमटपणाशी. त्यामुळे दोन्हींसाठी एकच लाकूड किंवा एकच बांधणी योग्य ठरत नाही.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील वाड्यांच्या मुख्य दारांना जाड सागवानी फळ्या, मागून आडव्या पट्ट्या आणि पुढून मोठ्या डोक्यांचे लोखंडी खिळे असत. जुन्या दारांत बिजागऱ्यांऐवजी फळीच्याच वरच्या व खालच्या टोकांना राखलेल्या खुंट्या खोबणींत फिरत. दार बंद केल्यावर भिंतीच्या पोकळीतून अडसर ओढून घेत. मोठ्या दारातील लहान दिंडीमुळे रोजच्या ये-जा करण्यासाठी सगळे दार उघडावे लागत नसे. पुण्याच्या शनिवारवाड्याचा टोकदार खिळ्यांचा दिल्ली दरवाजा या बांधणीचा प्रसिद्ध नमुना होय. 1828 च्या आगीत आतील इमारती जळाल्या, तरी तट व दरवाजे टिकले.

लाकडाचे गुणधर्म : लाकडातील ओलावा सु. 30 टक्क्यांच्या खाली गेला की ते आक्रसू लागते. लांबीत हा फरक नगण्य असतो, रुंदीत मात्र तो जाणवतो. वर्षवलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने होणारी आक्रसण त्रिज्येच्या दिशेपेक्षा सु. दुप्पट असते. पावसाळ्यात दार चौकटीला घासते आणि उन्हाळ्यात फट पडते ती यामुळे. पॅनेलच्या दारात यावर उत्तम उपाय आहे. उभ्या-आडव्या पट्ट्या कुसू-सांध्याने पक्क्या केल्या, तरी मधली फळी खाचेत सरस न लावता मोकळी ठेवतात, म्हणजे ती फुगली-आकसली तरी दाराचे माप बदलत नाही. ही फळी खिळ्याने जखडली, तर ती हमखास चिरते. नीट न वाळवलेल्या महागड्या लाकडापेक्षा नीट वाळवलेले साधे लाकूड दारासाठी केव्हाही चांगले.

लाकडाच्या जाती : सागवान कमी आक्रसते आणि त्याच्या गाभ्यातील तेलकट द्रव्यांमुळे वाळवीला दाद देत नाही, फिकट रसकाष्ठाला हे संरक्षण नसते. म्हणून खरेदी करताना फळीच्या कडेचा फिकट पट्टा पाहावा. व्यापारात ‘सीपी’ या नावाने ओळखले जाणारे सागवान मध्य भारतातील होय. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतील सागवान 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी पाठवले गेले. म्यानमारने 2014 पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली. कोकण व गोव्यात फणसाचे लाकूड दारांसाठी वापरात आहे. ऐन व किंजळ मुख्यतः वासे व चौकटींसाठी वापरतात. शिवण हलके असून वाकत नाही.

बाहेरील दार : भरीव सागवान किंवा सागवानी पॅनेल. 900 × 2,100 × 35 मिमी. मापाचे भरीव सागवानी दार सु. 40 किग्रॅ. भरते, म्हणून किमान तीन बिजागऱ्या लावाव्यात. वर पडवी किंवा छज्जा नसेल, तर कोणतेही रोगण फार काळ पुरत नाही. चौकटीचा भिंतीत जाणारा भाग वाळवीनाशक लावूनच बसवावा.

आतील दार : येथे फ्लश दार पुरेसे असते. भरीव गाभ्याच्या अशा दारांसाठी भारतीय मानक 2202 आहे. न्हाणीघरासाठी फिनॉल-फॉर्माल्डिहाइड सरसाने जोडलेले दार घ्यावे, कारण यूरियायुक्त सरस सततच्या पाण्याने सुटतो. खालची कड बहुधा रंगाविना राहते आणि दार तेथूनच कुजू लागते. ते बसवण्यापूर्वी सहाही बाजू रंगवून घ्याव्यात.

दिशा व संख्या : वास्तुशास्त्रीय संकेतांबाबत परंपरांत एकवाक्यता नाही.

अग्निरोधक दारे : यांसाठी स्वतंत्र मानके आहेत.

निगा : घासणारे दार भर पावसाळ्यात रंधू नये. लाकूड हिवाळ्यात आक्रसल्यावर तेथे कायमची फट पडते. आधी बिजागरीचे स्क्रू तपासावेत आणि पाऊस सरल्यावर गरजेपुरतेच लाकूड काढून उघडी पडलेली कड लगेच रंगवावी.