पडद्यावरची मिस्सा

२०२० सालचा ईस्टर १२ एप्रिलला होता. आमच्या वसईत त्या दिवशी चर्चकडे जाणारा रस्ता ओस पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आई तेव्हा ब्याण्णव वर्षांची होती, तीन वर्षे अंथरुणाला खिळलेली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरी येऊन तिला ख्रिस्तप्रसाद देत, टाळेबंदीत तेही थांबले होते. पुतण्याने मोबाइल तिच्यासमोर धरला. मिस्सा सुरू होण्याआधी तिने सुनेकडून लुगडे नीट करून घेतले आणि डोक्यावर पदर ओढला. पुढे ख्रिस्तप्रसाद द्यायची वेळ आली, पडद्यावर फादर एकटेच होते, आणि आईने सवयीने तोंड उघडले. खोलीत कोणी काही बोलले नाही.

तो पदर पाहून मला मात्र भलतेच आठवले. इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्याचा हा परिणाम!

१९२३ च्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबेत ड्यूक ऑफ यॉर्कचे (म्हणजे पुढच्या सहाव्या जॉर्जचे) लग्न होते. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या बीबीसीने ते रेडिओवरून ऐकवण्याची परवानगी मागितली. धर्माधिकाऱ्यांनी नकार दिला. कारण म्हणून जी गोष्ट सांगतात ती मजेची आहे. म्हणे दारूच्या गुत्त्यात बसलेले लोक डोक्यावरची हॅट न काढताच प्रार्थना ऐकतील! आपल्याला हसू येते. पण त्या भीतीत अगदीच अर्थ नव्हता असे मला वाटत नाही. देवळात आत जाताना चप्पल बाहेर राहते, चर्चमध्ये हॅट हातात येते. देऊळच जर घरी आले, तर उंबरठा कुठला धरायचा?

वर्ष पालटले आणि ६ जानेवारी १९२४ ला लंडनच्याच सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमधून डिक शेपर्ड या धर्मगुरूंनी उपासना रेडिओवर नेली. अमेरिका तर त्याही आधी पुढे गेली होती. २ जानेवारी १९२१ ला पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी चर्चमधून केडीकेए केंद्राने रविवारची उपासना प्रक्षेपित केली. मुख्य धर्मगुरूंना या नव्या यंत्राचा भरवसा नव्हता, म्हणून प्रवचनाला त्यांनी कनिष्ठाला पुढे केले. यंत्र सांभाळायला दोन तंत्रज्ञ आले होते. लोकांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्यांना गायकवृंदाचे झगे चढवून बसवले. त्या दोघांतला एक ज्यू होता आणि दुसरा कॅथलिक, चर्च प्रोटेस्टंट! नव्या तंत्राला चर्चमध्ये जागा कशी मिळाली हे सांगायचे झाले, तर मला तरी याहून बोलके चित्र सुचत नाही.

आम्हा कॅथलिकांकडे रेडिओ आला तो थेट पोपच्या दारातून. १२ फेब्रुवारी १९३१ ला व्हॅटिकन रेडिओ सुरू झाला. उभारणी खुद्द मार्कोनीची, आणि अकरावे पायस बोलले ते लॅटिनमध्ये. यंत्र नवे, भाषा जुनी. दूरचित्रवाणीला तर संत-पाठीराखीही मिळाली. असिसीची संत क्लारा आजारपणामुळे नाताळच्या मिस्सेला जाऊ शकली नाही, तेव्हा ती मिस्सा तिला आपल्या खोलीत दिसली, अशी कथा आहे. त्यावरून बाराव्या पायस यांनी १९५८ मध्ये या तेराव्या शतकातल्या संन्यासिनीला दूरचित्रवाणीची आश्रयदाती म्हणून जाहीर केले. अंथरुणावरच्या आजारी बाईसाठी आलेली मिस्सा! चर्चने टीव्हीचा विचार केला तो असा, आजाऱ्यापासून सुरू होऊन.

मग व्हॅटिकन परिषद. ४ डिसेंबर १९६३ या एकाच दिवशी दोन दस्तऐवज संमत झाले. उपासनेविषयीच्या दस्तऐवजाला २१४७ मते अनुकूल आणि फक्त ४ विरुद्ध. त्यानेच मिस्सेत लोकभाषेला दार उघडले. (लहानपणी मी पाठ केलेली लॅटिन उत्तरे त्यामुळे वाया गेली, असो.) दुसरा प्रसारमाध्यमांविषयीचा. त्याला १९६० अनुकूल, १६४ विरुद्ध. विरोध माध्यमांना होता असे नाही. मसुदाच कच्चा आहे अशी पुष्कळांची तक्रार होती.

इंटरनेट आले तेव्हाही व्हॅटिकन मागे राहिले नाही. १९९५ च्या नाताळात त्यांचे संकेतस्थळ सुरू झाले. मात्र २००२ मध्ये व्हॅटिकनच्या माध्यमविषयक परिषदेने एक रेघ ओढली. इंटरनेटवर शिकवा, प्रार्थना करा, माणसे जोडा, पण संस्कार तिथे होत नाहीत. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस आणि समोरासमोरची माणसे यांना पर्याय नाही.

इंग्लंडमधल्या मंडळींनी रेघेपलीकडे जाऊन पाहिले. २००४ च्या मे महिन्यात ‘चर्च ऑफ फूल्स’ नावाचे चर्च संगणकाच्या पडद्यावर उभे राहिले. पैसा मेथडिस्टांचा, पहिले प्रवचन लंडनच्या बिशपांचे. घरी बसलेला माणूस आपली बाहुली आत पाठवायचा. ती गुडघे टेके, हात वर करी, शेजाऱ्याशी बोले. थोड्याच दिवसांत टवाळ पोरे व्यासपीठावर चढून शिव्या देऊ लागली, तेव्हा संयोजकांना व्यासपीठ बंद करावे लागले. १९२३ ची ती हॅट अखेर आत शिरली म्हणायची! पुढे २०१० मध्ये एका मेथडिस्ट धर्मगुरूंनी ट्विटरवरून प्रभुभोजन द्यायचे ठरवले. मजकूर ट्विटरवरून यायचा, भाकर आणि रस ज्याने त्याने घरी घ्यायचा. संस्थेच्या सांगण्यावरून त्यांना तो बेत सोडावा लागला.

हे सगळे २०२० ने उलटेपालटे केले. त्या ईस्टरला कँटरबरीच्या आर्चबिशपांनी स्वतःच्या स्वयंपाकघरातून उपासना चालवली. पोप फ्रान्सिस ९ मार्चपासून रोजची सकाळची मिस्सा थेट दाखवत होते. पण ईस्टरनंतर पाचच दिवसांनी, १७ एप्रिलच्या प्रवचनात, त्यांनी बजावले की लोकांविना, संस्कारांविना, नुसत्या पडद्यावरचे चर्च ही अडचणीतली सोय आहे, तिची सवय लागणे धोक्याचे. आणि इटलीत १८ मे रोजी लोकांसाठी मिस्सा सुरू झाल्या, त्या दिवसानंतर त्यांनी रोजचे थेट प्रक्षेपण खरोखरच थांबवले. जगभर कितीतरी म्हातारी माणसे ते पाहत होती. त्यांचे काय, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि अजूनही पडतो. पोप बरोबर होते असे मला वाटते. तरीही, आईच्या हातातून मोबाइल काढून घ्यायला मी धजलो नसतो.

महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबरला. डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी, ४ तारखेला, फादर घरी आले. मास्कमुळे आईला ते ओळखूच आले नाहीत, आवाज ऐकल्यावर चेहरा खुलला. ख्रिस्तप्रसाद घेऊन ती बराच वेळ डोळे मिटून पडून होती. संध्याकाळी पुतण्याला हाक मारून म्हणाली, “रविवारी मोबाइल लाव हो, विसरू नकोस.”