उठणे

ईस्टरच्या आदल्या रात्री वसईतल्या चर्चमध्ये दिवे मालवतात. बाहेर नवा अग्नी पेटतो आणि त्यावर भलीमोठी पास्का मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, अल्फा, ओमेगा आणि चालू सालाचे चार आकडे कोरलेले असतात. धर्मगुरू ती घेऊन अंधारात शिरतात. मग एका वातीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असा अख्खा धर्मग्राम उजळतो.

यातला ‘पास्का’ हिब्रू ‘पेसाह’मधून अरामी, ग्रीक आणि लॅटिन असा फिरत आलेला. पोर्तुगीजांनी त्याचं ‘पाश्कोआ’ केलं. ‘ईस्टर’ मात्र इंग्रजीतला. इसवी सन ७२५च्या सुमारास बीड नावाच्या भिक्षूने तो इऑस्त्रे देवीशी जोडला. पण या देवीचा उल्लेख त्याच्याखेरीज कोणी केलेला नाही, म्हणून मी तरी ती हातचं राखूनच घेतो.

खरी गंमत ‘पुनरुत्थान’ शब्दात आहे. पुनर् + उद् + स्थान. ‘उद्’च्या पुढे ‘स्था’मधला ‘स’ गळतो, तसा पाणिनीचा नियमच आहे. कार्तिकातल्या उत्थानी एकादशीतही तोच शब्द. तिथे देव झोपेतून उठतो, इथे कबरीतून. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘अनास्तासिस’ : ‘अना’ म्हणजे वर, ‘स्तासिस’ म्हणजे उभं राहणं. हा ‘स्ता’ आणि आपला ‘स्था’ एकाच मुळाचे.

आणि या ‘उत्था’चंच प्राकृतात ‘उट्ठ’ झालं. रोज सकाळी पोरांना आपण ‘ऊठ’ म्हणून हाक मारतो, तो हाच शब्द.